कंबर, मान, पापण्या, टाच : हृदयविकाराच्या धोक्याच्या खुणा घरच्या घरी कशा पाहाव्यात

रक्ताचा नमुना घेताना माणूस फार जवळून दिसतो. बाही वर सरकवलेली असते, सुई बघवत नाही म्हणून मान दुसरीकडं वळवलेली असते, डोळे घट्ट मिटलेले असतात. मी लॅब टेक्निशियन आहे. सकाळी कोल्हापुरात घरोघरी जाऊन नमुने घेते आणि दुपारी त्याच माणसांचे रिपोर्ट माझ्याच हातून जातात. मानेवरचा काळेपणा आणि वाढलेली साखर, पापणीवरचा पिवळा डाग आणि कोलेस्टेरॉलचा आकडा, या जोड्या इतक्या वेळा समोर आल्या आहेत की हे सगळं एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. निदान करणं डॉक्टरांचं काम आहे. पण काय बघायचं, कसं मोजायचं आणि बघून झाल्यावर कोणती तपासणी करायची, एवढं कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे.

खूण दिसली की आजार झालाच असं नाही. रक्त आणि रक्तदाब तपासायला एक ठोस कारण मिळालं, एवढाच तिचा अर्थ. उलट बाजूही तितकीच खरी: अंगावर काहीच न दिसणाऱ्यांनाही अटॅक येतात. म्हणून खुणा नाहीत या भरवशावर तपासणी टाळायची नाही.

आधी हे वाचा

पुढची सगळी तपासणी निवांतपणे करायची आहे. या घडीला छातीत दाबल्यासारखं होत असेल, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर अंग न्याहाळत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो. नुसती मळमळ, घाम आणि अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, एवढंच होतं. ‘गॅस झालाय, सोडा आणा’ म्हणत घरात जो तास जातो, तो हृदयाच्या स्नायूला सगळ्यात महाग पडतो.

जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते आणि दोन मिनिटं टेकलं की मोकळं वाटतं, असं होत असेल तर ते वयावर ढकलू नका. चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची असू शकते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पहिल्यापेक्षा कमी चालण्यावर कळ येऊ लागली असेल किंवा बसल्या जागी येत असेल, तर त्याच दिवशी.

तयारी

सकाळी, उपाशीपोटी, खिडकीतून चांगला उजेड येत असताना बघा. ट्यूबलाइटखाली पिवळे डाग आणि डोळ्यातलं कडं नीट कळत नाही. शिंप्याची मोजपट्टी, एक वही आणि सोबत घरातलं कुणीतरी, एवढं पुरे. जुनी प्लॅस्टिकची मोजपट्टी वापरून वापरून ताणलेली असते. शाळेच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीशी ती आधी ताडून घ्या. मान, कानामागची बाजू आणि टाचा स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत, म्हणून दोघांनी एकमेकांचं बघावं.

वहीत प्रत्येकाचं वय लिहा. सोबत हेही लिहा: वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत अटॅक आला होता का, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली होती का, कुणी तरुणपणी ‘झोपेतच गेले’ असं घरात सांगतात का. ही माहिती अंगावर दिसत नाही, पण पुढं जे दिसेल त्याचा अर्थ हिच्यावरच ठरतो.

पहिली पायरी : कंबर

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बाकीच्या सगळ्या खुणा एकत्र केल्या तरी रोजच्या कामात मला कंबरेच्या मापाइतकी उपयोगी दुसरी वाटत नाही.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाच्या खाली बांधतो आणि ‘माझी चौतीसच आहे’ असं मनापासून सांगतो. माप असं घ्या: शर्ट वर करा, साडी किंवा पँट सैल करा, पाय जुळवून सरळ उभे राहा. कुशीत बोटानं चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये पट्टी धरा आणि पूर्ण वळसा घ्या. पट्टी जमिनीला समांतर हवी, पाठीमागं खाली घसरलेली नको. सोबतच्या माणसाचं हेच काम. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर. गोऱ्या लोकांसाठीचे जे आकडे इंटरनेटवर सापडतात ते याहून मोठे असतात, ते आपल्याला लावू नका. आणखी एक सोपी कसोटी आहे: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८० च्या आत.

आपल्याला कडक मर्यादा का? याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच आकडेवारी छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठलेली असू शकते. ती चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढवते आणि रक्तदाबही. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं, ही ठेवण आपल्याकडं घरटी दिसते आणि तिला कुणी लठ्ठपणा म्हणतच नाही.

कोल्हापूरचा म्हणून एक वेगळा गट इथं येतो: तालीम सोडलेले पैलवान. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत घडलेल्या माणसाचा खुराक दूध, तूप, बदाम, मटण असा असतो आणि जोर-बैठकांत, लढतींत तो जिरतो. कुस्ती सुटते तेव्हा व्यायाम एकदम थांबतो, खुराक मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. छाती, दंड भक्कम दिसत असल्यामुळं घरच्यांना शंकाही येत नाही. अशा माणसाचा बीएमआय बघून काही कळत नाही, कारण वजनात स्नायूही असतात. त्याची कंबरच मोजावी लागते. घरात असे कुणी काका, मामा असतील तर पहिली मोजपट्टी त्यांच्याभोवती फिरवा.

दुसरी पायरी : मान आणि काखा

मान पुढं वाकवायला सांगा आणि मागून, दोन्ही बाजूंनी बघा. त्वचा काळसर, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागते का? रेषा खोल दिसतात का? काखेत, कोपराच्या आतल्या घडीत, बोटांच्या पेरांवर तसंच आहे का? याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन बराच काळ वाढलेलं राहिलं की ते त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं आणि घड्यांच्या जागी त्वचा जाड होते. म्हणजे साखर रिपोर्टमध्ये वाढण्याच्या कितीतरी आधी ही खूण दिसू शकते.

बायकांच्या बाबतीत हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘साज, ठुशी घालून घालून मान काळी झालीया, दुसरं काय न्हाई.’ दोन्हींतला फरक ओळखता येतो. खोट्या दागिन्याची अ‍ॅलर्जी असेल तर जिथं दागिना टेकतो तिथंच पट्टा उमटतो, खाज येते, कधी लाल होतं, आणि महिनाभर दागिना काढून ठेवला तर कमी होतं. इन्सुलिनमुळं आलेला काळेपणा मानेच्या मागं आणि बाजूंना पसरलेला असतो, खाजत नाही आणि काखेतही सापडतो. काखेत तर साज नसतो.

बऱ्याच घरांत मुलींची मान काथ्यानं, दगडानं, लिंबानं घासली जाते. ‘आंघोळ नीट करत नाही’ म्हणून ओरडाही खातात. तो मळ नाही, घासून जाणार नाही, उलट त्वचा सोलवटेल. वयात आलेल्या मुलीची मान अशी दिसत असेल आणि पाळीही अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) शक्यता असते. तिला डॉक्टरांकडं न्या, साबण बदलत बसू नका. वजन थोडं उतरलं आणि इन्सुलिन खाली आलं की हा रंग हळूहळू फिका होतो. मान आणि काखेत लोंबणाऱ्या बारीक मऊ चामखिळी बऱ्याचदा याच्याच जोडीनं येतात.

एक अपवाद ध्यानात ठेवा: वजन वाढलेलं नसताना उतारवयात हा काळेपणा अचानक आणि झपाट्यानं पसरला, हाता-तोंडावरही आला, तर त्याचं कारण वेगळं आणि गंभीर असू शकतं. लवकर दाखवा.

तिसरी पायरी : डोळे

डोळे मिटून घ्यायला सांगा. पापण्यांवर, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर चपटे, थोडे उंचावलेले डाग आहेत का ते बघा. दुखत नाहीत, खाजत नाहीत. हे झँथेलाझ्मा. त्वचेखाली कोलेस्टेरॉलनं भरलेल्या पेशी जमल्या की हे दिसतात.

इथं एक गोष्ट गोंधळात टाकते. असे डाग असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल रिपोर्टमध्ये नॉर्मल येतं. म्हणून पूर्वी या डागांकडं नुसता सौंदर्याचा प्रश्न म्हणून बघत. पण डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात १२,७४५ लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून २०११ मध्ये निष्कर्ष छापला गेला: कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट हे सगळं हिशेबात धरूनही, पापण्यांवर डाग असणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका सुमारे दीडपट होता. म्हणजे लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) नॉर्मल आलं तरी ‘सुटलो’ म्हणायचं नाही; बाकीचे धोके जास्त काटेकोरपणे तपासायचे. डाग लेझरनं काढता येतात, पण आधी रक्त तपासा, मग हवं तर काढा. डाग गेले म्हणून रक्तवाहिन्यांतला थर जात नाही.

आता डोळे उघडून बुबुळाच्या कडेला बघा. काळ्या-तपकिरी भागाच्या कडेनं राखाडी-पांढरट कडं दिसतं का? साठीच्या पुढं हे इतक्या लोकांत असतं की त्याचा वेगळा अर्थ काढायचं कारण नाही, आणि कोपनहेगनच्याच अभ्यासात या कड्याचा स्वतंत्र धोका दिसला नाही. पण ४५ च्या आतल्या माणसाच्या डोळ्यात ते स्पष्ट दिसलं, तर लिपिड तपासणी करायलाच हवी. पस्तिशीच्या भावाच्या डोळ्यातलं कडं आणि आजोबांच्या डोळ्यातलं कडं एकसारखं दिसतं. त्यांचा अर्थ एक नाही.

चौथी पायरी : बोटांची पेरं आणि टाचेमागची शीर

हा भाग क्वचित सापडतो, पण सापडला तर पूर्ण घराण्याचं भलं होऊ शकतं. म्हणून घाई करू नका.

टाचेच्या मागून पोटरीकडं जाणारी जाड शीर, तिला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, ती आपल्या गावात बघायला सोपी. कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्याची टाच मागून उघडीच असते. माणसाला पाठमोरं उभं करा. दोन्ही बाजूंच्या शिरा सारख्या, सरळ, कडा स्पष्ट अशा दिसतात का? मग चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवा. निरोगी शीर एकसारखी, दोरीसारखी लागते. कुठं फुगवटा, गाठ किंवा जाडी लागते का? चपलेनं घासून पडलेला घट्टा त्वचेवर असतो आणि त्वचेबरोबर हलतो. कोलेस्टेरॉलची गाठ शिरेतच असते, ती शिरेबरोबर हलते. नंतर हाताची मूठ वळायला सांगा आणि पेरांवर, बोटं सरळ करणाऱ्या शिरांवर अशाच टणक गाठी आहेत का बघा. कोपर आणि गुडघेही चाचपा.

अशा गाठी दिसल्या तर फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून येणारं कोलेस्टेरॉल, असण्याची दाट शक्यता असते. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलणारे रिसेप्टर असतात. जनुकातल्या दोषामुळं ते कमी पडतात आणि एलडीएल जन्मापासूनच रक्तात साठत राहतं. हे रिसेप्टर शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. यात खाण्यापिण्याची चूक नसते. माणूस बारीक असू शकतो, शाकाहारी असू शकतो, रोज रंकाळ्याला फेरी मारणारा असू शकतो, आणि तरी एलडीएल १९० च्या वर असतं. औषध नसेल तर चाळिशी-पन्नाशीतच, कधी त्याच्याही आधी अटॅक येतो.

जगभरात हे प्रमाण सुमारे ३०० लोकांत एक असं धरलं जातं. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. तेच प्रमाण इथं लावलं तर जिल्ह्यात बारा-तेरा हजार माणसं होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसणार. सगळ्यांना गाठी येतातच असंही नाही.

आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. दोघांनाही असेल तर चारांतल्या एका मुलाला दोन्हीकडून दोष येऊ शकतो, आणि अशा मुलांना लहानपणीच गाठी दिसतात, विशीच्या आतसुद्धा अटॅक येऊ शकतो. आपल्याकडं मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जुळवण्याची रीत अजून आहे. एकाच घराण्यातला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता तिथं वाढते. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. अशा घरात मुलांचं लिपिड शाळकरी वयातच तपासून घ्यावं, एवढ्यासाठी सांगते. एका माणसात हे सापडलं की त्याचे भाऊ, बहिणी, मुलं आणि आई-वडील अशा सगळ्यांची तपासणी झाली पाहिजे. औषधं आहेत, स्वस्तही आहेत. लवकर सुरू केली तर आयुष्य इतरांसारखं जातं.

ट्रायग्लिसराइड फार वाढलं की वेगळ्या खुणा दिसतात: कोपर, खांदे, कुल्ले यांवर एकदम उठलेले बारीक पिवळट-लालसर पुरळ. अशा माणसाची रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की ओळखू येते. एरवी लाल पेशी खाली बसून वर स्वच्छ पिवळसर सीरम दिसतं. इथं ते दुधासारखं पांढरं, गढूळ असतं. आकडा १००० च्या पुढं असेल तर हृदयाच्या आधी स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. हा पुरळ दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

पाचवी पायरी : कान, केस, उंची

कानाच्या पाळीवर, ऐकण्याच्या भोकाकडून मागच्या कडेकडं तिरकी जाणारी घडी, ही सर्वांत प्रसिद्ध खूण. अमेरिकेतले डॉ. सँडर्स फ्रँक यांनी १९७३ मध्ये तिच्याकडं लक्ष वेधलं. तेव्हापासून कितीतरी अभ्यासांत तिचा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा संबंध दिसला आहे. पण वय वाढेल तशी ही घडी अनेकांना येते, त्यामुळं सत्तरीत तिचं महत्त्व कमी. चाळिशी-पन्नाशीत, दोन्ही कानांवर, खोल घडी असेल तर नोंद करा. जड कर्णफुलांनी ओघळलेल्या पाळीवर टोचलेल्या भोकापासून उभी चीर असते, ती ही नव्हे. पैलवानांचा मोडलेला कान तर वरच्या कूर्चेत मार बसून झालेला असतो, त्याचा हृदयाशी काही संबंध नाही.

टकलाबद्दल विचारणारे खूप. पुढून मागं सरकलेल्या केसांपेक्षा डोक्याच्या मध्यावर पडलेल्या टकलाचा संबंध जास्त दिसतो. अहमदाबादच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये चाळिशीच्या आतल्या पुरुषांचा अभ्यास मांडला, त्यात हृदयविकार झालेल्यांमध्ये अकाली टक्कल आणि अकाली पिकलेले केस निरोगी पुरुषांपेक्षा बरेच जास्त आढळले. कोपनहेगनमध्ये मात्र नुसते पिकलेले केस आणि सुरकुत्या यांचा धोक्याशी संबंध सापडला नाही. माझ्या मते तिशीतल्या भाच्याला टक्कल पडू लागलं तर त्याला तेल सुचवण्याऐवजी एकदा रक्तदाब आणि लिपिड तपासायला सांगावं. त्याहून जास्त भीती घालू नये.

उंची कमी असण्याचाही थोडा संबंध आहे. २०१५ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दर ६.५ सेंटिमीटर कमी उंचीमागं धोका साडेतेरा टक्क्यांनी वाढलेला दिसला. उंची बदलता येत नाही, तेव्हा पुढं चला.

सहावी पायरी : दात आणि ओठ

हे कुणी हृदयाची खूण म्हणून मोजत नाही, आणि मला तेच खटकतं. तपकिरी झालेले दात, काळवंडलेले ओठ, बोटांवरचे पिवळे डाग, खिशातली माव्याची पुडी. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात, २००४ मध्ये, पहिल्या हार्ट अटॅकमागचे सुमारे ९० टक्के धोके नऊ सुधारता किंवा मोजता येण्याजोग्या गोष्टींत सापडले, आणि तंबाखू त्यांत अगदी वरच्या क्रमांकावर होती. ओढायची तंबाखू वाईट आणि खायची चालते, हा समज काढून टाका. त्याच अभ्यासातल्या पुढच्या विश्लेषणात तंबाखू चघळणाऱ्यांचा धोकाही न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. मिश्री लावणाऱ्या आजी, आत्यांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर त्या नाहीच म्हणणार. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा’ असंच विचारा आणि वहीत लिहा.

सातवी पायरी : नखं आणि पाय

इथपर्यंतच्या खुणा धोका सांगणाऱ्या होत्या. आता ज्या बघायच्या त्या बऱ्याचदा आजार आधीच असल्याच्या असतात, म्हणून दिसल्या तर वाट बघायची नाही.

नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडून तसाच राहिला, दोन्ही पायांवर, आणि सोबत आडवं झोपलं की दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, तर हृदयाची ताकद कमी झालेली असू शकते. मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची काही औषधं यांनीही सूज येते, ते डॉक्टर ठरवतील. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं असेल तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

नडगीची त्वचा तुकतुकीत, केस गळालेले, पाऊल गार, आणि चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागतं, हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण. पायात झालं ते हृदयातही होत असण्याची शक्यता मोठी.

नखांसाठी दोन्ही तर्जन्यांची शेवटची पेरं एकमेकांना पाठीकडून टेकवा, नखाला नख. मुळाशी छोटी चौकट दिसली पाहिजे. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर दिसत असतील तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असू शकतो. दक्षिण आफ्रिकेचे हृदयतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी स्वतः आजारी असताना आपल्याच बोटांवर हे पाहिलं.

आठवी पायरी : आकडे

खुणा लिहून झाल्या. आता तपासण्या.

रक्तदाब आधी. अर्धा तास चहा, तंबाखू नको, लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकवलेला. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो. दोनदा मोजा. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल तर उपचार लागतील.

रक्तात लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर). कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तर टीएसएचही करा, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं. रविवारी रात्री मटणाचं ताट आणि सोमवारी सकाळी नमुना, हे टाळा. एका जेवणानं एलडीएल फारसं हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड चांगलंच वर जातं, दारूनं आणखी. आणि ते ४०० च्या पुढं गेलं तर हिशेबानं काढलेलं एलडीएल विश्वासाचं राहत नाही. तेव्हा लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांगा. ताप, मोठं आजारपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर काही आठवडे थांबा, तेव्हा कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं.

रिपोर्टवर एवढं बघा: एलडीएल १९० च्या वर असेल तर बाकी सगळं नॉर्मल असलं तरी डॉक्टर. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांना ४० आणि बायकांना ५० च्या वर हवं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. घरात कमी वयात अटॅकचा इतिहास असेल तर लिपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते आणि सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. आणि ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं नाही, तो त्या क्षणाचा असतो.

खर्चाची अडचण असेल तर तीस वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आधीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. पुढच्या तपासणीसाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, म्हणजे आपल्या सीपीआरची ओपीडी आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपासची वेळ आलीच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.

डॉक्टरांकडं जाताना रिपोर्टसोबत ती वहीही न्या: वय, कंबर, दिसलेल्या खुणा, घराण्याचा इतिहास, तंबाखू किंवा मिश्री, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली तर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड परत करा, आकडा खाली आला तरी स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. अंग फार दुखायला लागलं तर बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते. कंबर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच मोजपट्टीनं मोजून त्याच वहीत लिहा.